कात्री आणि साक्ष

गुन्ह्यांवरचे माहितीपट हल्ली घरोघरी आवडीनं पाहिले जातात. रात्री जेवणं उरकली की एक भाग, मग ‘चला, अजून एक’ म्हणत दुसरा. सुरुवातीलाच पाटी येते, ‘सत्य घटना’. आपणही ते सत्य मानून चालतो. चार-पाच भाग झाले की सकाळी चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगतो, ‘त्यानंच केलं.’ माझा प्रश्न साधा आहे. हे आपल्याला कोणी पटवलं? पुराव्यानं की संकलकाच्या कात्रीनं?

मी कविता लिहिणारा माणूस, चित्रपटाच्या धंद्यातला नाही. पण दोन ओळी शेजारीशेजारी ठेवल्या की काय होतं, हे मला ठाऊक आहे. गझलेच्या शेरात पहिली ओळ एक सांगते, दुसरी वेगळंच सांगते, आणि खरा अर्थ दोहोंच्या मधल्या जागेत उगवतो. ओळींचा क्रम बदलला तर शेर एक तर मरतो, नाही तर भलतंच बोलू लागतो. चित्रपटाचं संकलन याच जातीचं काम आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकानं एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याच्याशेजारी एकदा सूपची वाटी दाखवली, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. असं सांगतात की, पाहणाऱ्यांना तोच चेहरा कधी भुकेला, कधी शोकाकुल, कधी आसक्त वाटला. चेहरा तसूभरही बदलला नव्हता. बदललं होतं ते शेजारचं चित्र.

आता त्या नटाच्या जागी आरोपी बसवा. कोर्टात तो नुसता गप्प बसला आहे. त्याच्या चेहऱ्यानंतर रडणारी आई दाखवली तर तो दगडाच्या काळजाचा वाटेल. त्याच चेहऱ्यानंतर त्याचा लहानपणचा फोटो दाखवला तर बिचारा वाटेल. खाली व्हायोलिनचा लांबलेला सूर सोडला की निकाल लागलाच. प्रेक्षकाला वाटतं, आपण विचार करून मत बनवलं.

हे तंत्र वाईटच, असं मात्र मला म्हणायचं नाही. याच तंत्रानं एका निरपराध माणसाला तुरुंगातून बाहेर काढलं आहे.

१९७६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात रात्री एका पोलीस शिपायानं एक गाडी थांबवली आणि गाडीतून झालेल्या गोळीबारात तो ठार झाला. रँडल डेल ॲडम्स नावाच्या माणसाला १९७७ मध्ये फाशीची शिक्षा झाली. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्ष होती डेव्हिड हॅरिस या सोळा वर्षांच्या मुलाची. गाडी त्यानं चोरलेली होती. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फाशी रद्द केली, पुढे ती जन्मठेप झाली. ॲडम्स मात्र आतच राहिला. एरॉल मॉरिस या दिग्दर्शकानं या प्रकरणावर १९८८ मध्ये ‘द थिन ब्लू लाइन’ हा माहितीपट काढला.

या चित्रपटात निवेदक नाही. बोलणाऱ्यांच्या नावांच्या पट्ट्याही नाहीत. माणसं समोर बसून बोलतात आणि अधूनमधून ती रात्र नटांकरवी पुन्हा दाखवली जाते. रस्ता, लाल दिवा, थांबलेली गाडी, हवेत भिरकावलेला मिल्कशेकचा कप. सोबतीला फिलिप ग्लासचं घुमत राहणारं संगीत. म्हणजे मघाशी सांगितलेली सगळी हत्यारं इथेही आहेत. फरक एवढाच की, प्रत्येक साक्षीप्रमाणे ती रात्र बदलते. कोणी सांगतं, गाडीत एक माणूस होता, कोणी सांगतं दोन. तसतसं दृश्यही बदलतं. ‘हे असं घडलं’ असा त्या दृश्यांचा दावा नाही. ‘हा माणूस असं म्हणतो’, एवढंच ती सांगतात. एकाच रात्रीच्या इतक्या आवृत्त्या पाहिल्यावर प्रेक्षकाला आपोआप कळतं की, या साक्षींवर माणूस लटकवता येणार नाही.

शेवटची मुलाखत हॅरिसची. त्या दिवशी कॅमेरा बिघडला होता, त्यामुळे फक्त आवाज मुद्रित झाला. दुसरा कोणी असता तर त्या आवाजाखाली तुरुंगाच्या भिंती, कुलपं, किल्ल्या अशी दृश्यं पेरली असती. मॉरिसनं पडद्यावर नुसता टेप रेकॉर्डर दाखवला. आपण तो छोटासा डबा पाहत राहतो आणि त्यातून हॅरिस ॲडम्स निर्दोष असल्याचं सांगतो, कारण खरं काय ते त्यालाच ठाऊक आहे. १९८९ च्या मार्चमध्ये ॲडम्स सुटला. त्याची बारा वर्षं गेली ती गेलीच. बाहेर आल्यावर आपल्या आयुष्याच्या कथेवर हक्क कोणाचा, यावरून त्यानं मॉरिसवरच दावा लावला आणि पुढे तो आपसात मिटला. दुसऱ्याचं दुःख चित्रित करणाऱ्यांनी ही गोष्टही लक्षात ठेवावी.

आता दुसरी बाजू पाहू. मुलाखतीत माणूस बोलत असतो आणि मध्येच त्याचे हात, भिंतीवरचं घड्याळ, टेबलावरचा कप दिसू लागतो. पुष्कळदा ते नुसतं शोभेसाठी नसतं. त्या क्षणी चेहरा दिसत नसतो, म्हणून वाक्य कापता येतं, जोडता येतं, आणि शिवण कोणाला दिसत नाही. कानालाही ती कळू नये म्हणून ध्वनिमुद्रक आधीच त्या खोलीतली नुसती शांतता अर्धा-एक मिनिट टिपून ठेवतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. जोडाच्या फटीत ती लिंपली की भिंत सपाट. निरनिराळ्या वाक्यांचे तुकडे जोडून जे नवं वाक्य तयार होतं, त्याला अमेरिकेतले संकलक ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात. मढ्यांचे अवयव जोडून माणूस घडवणाऱ्या फ्रँकेन्स्टाइनवरून हे नाव पडलं.

२०१५ मध्ये ‘द जिंक्स’ ही मालिका गाजली. रॉबर्ट डर्स्ट हा न्यूयॉर्कच्या बड्या घराण्यातला माणूस, खुनांचा संशयित. मुलाखतीनंतर तो स्वच्छतागृहात गेला तेव्हा अंगावरचा माइक चालूच होता. तो स्वतःशी पुटपुटत होता. मालिकेच्या शेवटी आपल्याला ऐकू येतं, ‘मी हे काय केलं? सगळ्यांना मारलं, दुसरं काय.’ ऐकताना अंगावर काटा येतो. २०१९ मध्ये त्या पुटपुटण्याचा संपूर्ण उतारा कोर्टाच्या कागदांतून बाहेर आला. ‘सगळ्यांना मारलं’ हे वाक्य तो आधी बोलला होता. मध्ये इतर बरीच वाक्यं होती. ‘मी हे काय केलं’ हे शेवटी होतं. संकलनात प्रश्न पुढे आला, उत्तर त्याच्या मागे लागलं आणि कबुलीजबाब तयार झाला. २०२१ मध्ये खटला चालून डर्स्ट एका खुनात दोषी ठरला. पण तो दोषी ठरला म्हणून कात्री निर्दोष ठरत नाही. आज ती दोषी माणसावर चालली, उद्या निर्दोष माणसावर चालेल. कात्रीला माणसं ओळखता येत नाहीत.

२०१५ मध्येच आलेल्या ‘मेकिंग अ मर्डरर’ या दहा भागांच्या मालिकेत एका पोलीस अधिकाऱ्याची कोर्टातली साक्ष आहे. एका प्रश्नाला त्यानं दिलेलं ‘हो’ दुसऱ्याच प्रश्नापुढे जोडलेलं होतं. त्यानं बदनामीचा दावा लावला, तो २०२३ मध्ये फेटाळला गेला. कायद्याच्या चौकटीत ते बसलं. इमानाच्या चौकटीत बसतं का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आपल्याकडेही हा प्रश्न कोर्टात गेला. शीना बोरा प्रकरणातील आरोपी इंद्राणी मुखर्जी यांच्यावरची मालिका २०२४ च्या फेब्रुवारीत येणार होती. खटला तेव्हा सुरूच होता. सीबीआयनं हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका आधी स्वतः पाहिली आणि मग सीबीआयची मागणी फेटाळली. मला त्यातली पद्धत आवडली. आधी पूर्ण पाहिलं, मग मत दिलं.

माझ्या आस्थेचं आणखी एक कारण सांगतो. आमच्या मोहल्ल्यात टीव्हीवर मोठ्या गुन्ह्याची बातमी लागली की, आरोपीचं नाव येईपर्यंत वडीलधारी माणसं हातातला घास हातातच धरून बसतात. मग पोलिसांच्या गराड्यातला, तोंड झाकलेला एक तरुण दिसतो. तेच आठ सेकंदांचं दृश्य मंदगतीनं दहा वेळा फिरतं, खाली नगारे वाजतात. निवेदक त्या कापडाला ‘बुरखा’ म्हणतो. वर्षांनी तो तरुण सुटला तर ती बातमी एका ओळीची असते. तिला मंदगती नसते, संगीत नसतं.

मग प्रेक्षकानं काय करावं? पाहणं सोडू नये. तीन गोष्टी कराव्यात. एखादं मोक्याचं वाक्य ऐकू आलं की ते बोलताना चेहरा दिसत होता का, ते पाहावं. घटनेचं दृश्य दिसलं की हे कोणाच्या सांगण्यावरून रचलं, असं विचारावं. आणि एकदा तरी आवाज बंद करून पाहावं. संगीताशिवाय तो माणूस तितकाच खुनशी दिसतो का?

हे भाषणही ध्वनिमुद्रणानंतर संकलनाला जाईल. माझं खोकणं, अडखळणं कापलं जाईल, आणि ते योग्यच आहे. पण मी जिथे ‘नाही’ म्हटलं तिथे ‘हो’ येणार नाही, या भरवशावर मी माइकपुढे बसलो आहे. ज्याचं आयुष्य पणाला लागलं आहे, त्याला निदान तेवढा भरवसा मिळायला हवा.