बोळ आणि बोळा

बंगळूरच्या चामराजपेटेची आखणी १८९२ साली झाली, ती स्वच्छतेचा विचार मनात धरून. सरळ रस्ते, त्यांना छेदणारे आडरस्ते आणि घरांच्या मागल्या अंगाला अरुंद बोळ. घाण पुढच्या दाराने न नेता मागल्यामागे न्यावी, हा त्या बोळांचा हेतू. ती वाहून नेणाऱ्याच्या वाट्याला काय आले, ती कथा वेगळी.

मनुष्यदेहाच्या आखणीत अशी सोय सर्वत्र नाही. बेंबी हा एका तोंडाने बंद असलेला बोळ होय. आत गेलेले आपण होऊन सहसा बाहेर पडत नाही. मग तेथे कापसाचा चिमुकला बोळा जमतो.

तो येतो कोठून? व्हिएन्नाचे रसायनशास्त्रज्ञ गेऑर्ग श्टाइनहाउझर यांनी स्वतःच्या बेंबीतील ५०३ बोळे जमवून २००९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पोटावरील केसांना सूक्ष्म खवले असतात. ते सदऱ्याचे तंतू खरवडून नाभीकडे ढकलीत नेतात. केस भादरले की बोळाही थांबतो. तंतूंबरोबर त्यात त्वचेचे कण, घाम, स्निग्धांश व धूळ असते. सरासरी वजन दोन मिलिग्रॅमहूनही कमी. ऑस्ट्रेलियन नभोवाणीवरील कार्ल क्रुझेल्निकी यांना तर याच विषयाच्या पाहणीबद्दल २००२ साली 'इग नोबेल' हे गमतीचे पारितोषिक मिळाले होते.

बोळा स्वतः निरुपद्रवी आहे. पण बेंबीत तेल घालून ते तसेच राहू दिले, तर मळ चिकटतो आणि वर्षानुवर्षे साचून त्याचा काळा, टणक खडा होतो. तो आकड्याने कोरू नये, डॉक्टरांकडून काढवावा. एरवी स्नानाच्या वेळी साबणाचे बोट फिरवून पाण्याने धुवावे आणि आतला ओलावा टिपून घ्यावा, एवढे पुरे. दुर्गंधी, पू वा लाली दिसल्यास मात्र घरगुती उपाय नकोत.

खरा जिवाचा प्रश्न आहे तो तान्ह्या मुलाच्या नाळेचा. कापलेल्या नाळेवर राख किंवा शेण लावण्याच्या चालीने पूर्वी कित्येक बाळे धनुर्वाताने दगावली, कारण त्या रोगाचे जंतू माती-शेणातच असतात. मातांना लस मिळू लागली, निर्जंतुक साधनाने नाळ कापणारी प्रसूतिगृहे वाढली. चामराजपेटेच्या शेजारचे वाणीविलास रुग्णालय १९३५ सालचे. २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात १,००० जन्मांमागे एकाहून कमी बाळांना हा रोग होणे. रोगाचे जंतू मातीत आहेतच. म्हणून नाळेला काही लावू नये, ती कोरडी ठेवावी. आठ-पंधरा दिवसांत ती वाळून गळते. तोवर लंगोट तिच्या खाली दुमडावा.