दहा क्विंटल, पण टन नाही



गणकयंत्राविषयी बोलण्याचा आम्हा हमालांच्या कार्यकर्त्यांना अधिकार काय? अधिकार मजुरीच्या हिशेबाचा आहे.

आपल्या जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये पुरा एक टन कापूस वाहणाऱ्यास जादा मजुरी ठरली होती. एका हमालाने एकेक क्विंटलच्या दहा खेपा केल्या. यंत्राने ०.१ टन दहा वेळा मिळवले आणि निर्णय दिला, टन भरला नाही! आम्ही कागद मागितला. दशांशचिन्हापुढे सोळा नऊ होते, एक नव्हता.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. जुना रुपया आठवा: आठ आणे, चार आणे, दोन आणे, एक आणा. यंत्रही अपूर्णांक असाच निम्मानिम्मा करून लिहिते. आणा त्याला बिनचूक साधतो; १९५७ च्या दशमान रुपयातले दहा पैसे मात्र साधत नाहीत. एकाला तिनाने भागताना ०.३३३ संपत नाही, तसेच हे. यंत्र कोठेतरी तोडते आणि चूक साचत जाते.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरान येथे पॅट्रियट यंत्रणेच्या घड्याळात सेकंदाच्या दशांशाची अशीच तूट सुमारे शंभर तास साचली. शत्रूचे क्षेपणास्त्र अडवले गेले नाही. २८ अमेरिकी सैनिक मेले.

उपाय साधा आहे. वजन किलोत, मजुरी पैशांत, पूर्णांकांनी मोजावी. शंभर किलोच्या दहा खेपा म्हणजे हजार किलो; तेथे वाद उरत नाही. अपूर्णांक अटळ असेल तेथे 'तंतोतंत समान का?' असे न विचारता 'फरक किती?' असे विचारावे. आणि किती फरक चालेल, हे माणसांनी बसून ठरवावे.

त्या हमालाला मजुरी मिळाली, कारण कोणीतरी कागद मागितला. तेवढे आपण विसरू नये.