खेळाडू मुलांचें घरचें शिक्षण



शाळेंत नियमित न जाणारीं मुलें म्हटलीं कीं, आपल्या डोळ्यांपुढें आजारी, उनाड किंवा गरिबीनें गांजलेलीं मुलें उभीं राहतात. परंतु अलीकडे आपल्या शहरांतून एक निराळाच वर्ग तयार झाला आहे. हीं मुलें निरोगी आहेत, कष्टाळू आहेत, आईबापांचीं लाडकीं आहेत. तरीहि वर्षांतले कित्येक आठवडे वर्गांतील त्यांची जागा रिकामी असते. बॅडमिंटन, टेनिस, पोहणें, नेमबाजी, बुद्धिबळ अशा खेळांत तेराव्या-चौदाव्या वर्षींच तीं स्पर्धांच्या फेऱ्यांत सांपडतात. आज चेन्नई, पंधरा दिवसांनीं गुवाहाटी, मग एखाद्या परक्या देशांत आठवडाभर. अशा मुलाला शाळेचें वेळापत्रक पाळतां येत नाहीं, आणि शाळेलाहि एका मुलासाठीं वेळापत्रक बदलतां येत नाहीं. मग घरीं शिक्षक ठेवण्याचा विचार पुढें येतो. हा शिक्षक कशासाठीं ठेवावयाचा, त्यानें काय करावें आणि काय करूं नये, एवढ्यापुरतेंच आज मी बोलणार आहें.

घरचा शिक्षक ही कल्पना आपल्याकडे मुळींच नवी नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचा एक बारा वर्षांचा मुलगा १८७५ सालीं बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोंवर त्याचें शाळेचें शिक्षण जवळजवळ झालेलेंच नव्हतें. एलियट नांवाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखालीं त्याचा अभ्यास सुरू झाला. पुढें दिवाण सर टी. माधवराव यांनीं त्याला राज्यकारभारावर व्याख्यानें दिलीं. आणि १८८१ सालीं त्याच्या हातीं राज्यसूत्रें आलीं. तेच सयाजीराव महाराज. उशिरां सुरू झालेलें शिक्षणहि हेतु स्पष्ट असेल तर किती पुढें जाऊं शकतें, याचें हें उत्तम उदाहरण होय. परंतु त्यांत आणि आपल्या प्रश्नांत एक मोठा फरक आहे. त्या मुलासाठीं गादी ठरलेली होती. आपल्या खेळाडू मुलासाठीं कांहींच ठरलेलें नाहीं.

हा फरक आईबाप विसरतात, आणि तो विसरावा अशाच कथा आपल्या कानांवर येतात. चेन्नईच्या डी. गुकेशनें चौथीनंतर नियमित शाळा सोडली. त्याचे डॉक्टर वडील आपला व्यवसाय बाजूला ठेवून त्याच्याबरोबर गांवोगांव फिरले. आणि डिसेंबर २०२४ मध्यें सिंगापूर येथें, वयाच्या १८व्या वर्षीं, तो बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. त्याच शहरांतल्या आर. प्रज्ञानंदची गोष्ट निराळी. मे २०२२ मध्यें संगणकावरून खेळल्या जाणाऱ्या एका मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी त्यानें रात्रीं दोनच्या सुमारास जिंकली, आणि त्याच सकाळीं पावणेनऊला त्याला अकरावीच्या परीक्षेसाठीं शाळेंत हजर व्हावयाचें होतें. एकानें शाळा सोडली, दुसऱ्यानें सोडली नाहीं. दोघेहि थोर खेळाडू झाले. यावरून शाळा सोडावी असें ठरत नाहीं, आणि सोडूं नये असेंहि ठरत नाहीं. ज्या मुलांनीं शाळा सोडली आणि ज्यांचें नांव पुढें कोठेंच आलें नाहीं, त्यांची हकीकत कोणी छापीत नाहीं. पण संख्येनें तींच अधिक असणार, हें सांगावयास ज्योतिषी नको.

सोळाव्या वर्षीं गुडघा दुखावतो आणि वर्षभर मैदान बंद होतें. कधीं उंची पुरत नाहीं, कधीं घरचा पैसा पुरत नाहीं, तर कधीं एके दिवशीं खेळावरचें मनच उडतें. त्या दिवशीं त्या मुलापुढें दुसरें एखादें दार उघडें असलें पाहिजे. घरच्या शिक्षकाचें खरें काम हें दार उघडें ठेवण्याचें आहे. खेळ हें ‘पळतें’ आणि अभ्यास हें ‘हातचें’, असें मानून मुलाला मैदानावरून ओढून आणणें हें त्याचें काम नव्हे. आणि गंमत अशी कीं, हें दुसरें दार पुष्कळदां खेळाच्याच अंगणांत उघडतें. अमेरिकेंतील विद्यापीठें खेळाडूंना शिष्यवृत्त्या देतात. परंतु तेथील पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन स्पर्धांत उतरण्यासाठीं माध्यमिक शाळेच्या शेवटच्या चार वर्षांत १६ मूळ अभ्यासक्रम पुरे केलेले असावे लागतात. नववींत ज्यानें गणित व विज्ञान टाकून दिलें, त्याला बारावींत हा नियम कळून उपयोग नाहीं.

आतां परीक्षांचा विचार करूं. येथें आईबापांना वाटतें तेवढा अंधार नाहीं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था दहावी व बारावीच्या परीक्षा वर्षांतून दोनदां घेते, एप्रिल-मेमध्यें आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्यें. एकदां नांव नोंदविलें कीं, तें पांच वर्षें चालतें, आणि सर्व विषय एकाच वेळीं देण्याची सक्ति नाहीं. दोन विषय यंदां, तीन पुढच्या हंगामानंतर, अशी वांटणी करतां येते. फिरत्या खेळाडूला याहून सोयीची व्यवस्था क्वचित् सांपडेल. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेलाहि १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसतां येतें. ज्यांना शाळेंतलें नांव कायम ठेवावयाचें आहे, त्यांच्यासाठींहि मार्ग आहेत. २०१८ सालीं पंधरा वर्षांचा नेमबाज अनीश भानवाला राष्ट्रकुल स्पर्धेसाठीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें गेला, तेव्हां त्याची दहावीची परीक्षा आड येत होती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें त्याला राहिलेले पेपर मागाहून देण्याची मुभा दिली, आणि तो सुवर्णपदक घेऊन परीक्षेला आला. मात्र या सर्व सवलतींना अर्ज, मुदती आणि दाखले लागतात. त्यांचा तपास हंगाम सुरू होण्यापूर्वीं करावा. ऐन परीक्षेच्या तोंडावर धांवाधांव करणाऱ्याला नियमहि मदत करीत नाहीं. खेळांतील प्रावीण्याबद्दल परीक्षेंत वाढीव गुण मिळतात हें खरें. परंतु न समजलेलें गणित वाढीव गुणांनीं समजत नाहीं.

मार्ग ठरला म्हणजे वेळेचा प्रश्न येतो. सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पांच तास सराव करणाऱ्या मुलाच्या दिवसांत उरतें काय? पहिला हक्क झोंपेचा आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोंप हवी, असें झोंपेच्या तज्ज्ञांनीं २०१६ सालीं एकमतानें सांगितलें आहे. तीच कापून अभ्यास करविला तर अभ्यासहि जातो आणि खेळहि जातो. जेवण, आंघोळ, जाणें-येणें धरून हातीं दोन-अडीच तास राहतात. आईबाप घाबरतात तें येथेंच. शाळा सहा तासांची, मग दोन तासांत काय होणार? पण शाळेचे सहा तास हे पन्नास मुलांचे असतात. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञानें १९८४ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, एकट्याला नीट शिकविलेला साधारण विद्यार्थी नेहमींच्या वर्गांतील १०० पैकीं सुमारें ९८ मुलांच्या पुढें जातो. नंतरच्या संशोधकांना लाभ इतका मोठा आढळला नाहीं. तरी तो होतो, हें त्यांनाहि मान्य आहे. म्हणून शाळेचें वेळापत्रक उचलून घरीं आणूं नये. आठ विषय रोज वीस-वीस मिनिटें शिकविणें म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. एका दिवशीं एक, फार तर दोन विषय घ्यावेत आणि ते मनापासून घ्यावेत.

पुढें, सर्व दिवस सारखे समजूं नयेत. खेळाडूचे दिवस तीन प्रकारचे असतात: घरचे, प्रवासाचे आणि सामन्याचे. नवा धडा घरच्या दिवशीं शिकवावा. प्रवासाच्या दिवशीं वाचन, पाठांतर, जुन्या धड्यांची उजळणी. सामन्याच्या दिवशीं अभ्यासाचें नांव काढूं नये. आणि ज्या दिवशीं मूल हरलें असेल, त्या संध्याकाळीं तर मुळींच नाहीं. उजळणीला मी फार महत्त्व देतों. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १८८५ सालीं स्वतःवरच प्रयोग करून दाखविलें कीं, पाठ केलेलें प्रथम फार झपाट्यानें विसरतें, मग सावकाश. मधूनमधून आठवून पाहिलें तर तें टिकतें. म्हणून शिक्षकानें प्रत्येक प्रवासासाठीं एक लहानशी वही तयार करून द्यावी: रोज दहा प्रश्न, उत्तरें शेवटच्या पानावर. विमानतळावर तीन तास बसलेल्या मुलाला जाड पुस्तकापेक्षां ही वही अधिक उपयोगी पडते. शिक्षक दूर असला तरी आतां व्हिडिओवरून शिकवितां येतें. मात्र घड्याळाकडे लक्ष असावें. उन्हाळ्यांत मध्य युरोपचें घड्याळ आपल्या साडेतीन तास मागें असतें. येथील संध्याकाळचे सहा म्हणजे तेथें दुपारचे अडीच, नेमकी सामन्याची वेळ.

आतां शिकवावयाचें कसें? खेळाडू मुलाच्या अंगांत एक फार मोठें भांडवल असतें, तें म्हणजे त्याच्या खेळाचें ज्ञान. बॅडमिंटन खेळणारी मुलगी घ्या. तिच्या हातांतल्या शटलला १६ पिसें असतात आणि त्याचें वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असतें. एवढी हलकी वस्तु वेगानें सुटून एकदम मंद कां होते? हवेचा विरोध हा धडा तिला येथून शिकवावा. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारें ९०० मीटर उंच आहे, तेथील हवा विरळ. म्हणून चेन्नईला बरोबर पडणारें शटल तेथें रेषेबाहेर जातें, आणि खेळाडूंना कमी गतीचें शटल घ्यावें लागतें. हें तिनें हातानें अनुभवलेलें असतें. शिक्षकानें त्याला फक्त नांव द्यावयाचें. इतिहासाचा धडाहि दूर नाहीं. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं १८७३च्या सुमारास या खेळाचे नियम आपल्या पुण्यांतच बांधले असें सांगतात, आणि एके काळीं हा खेळ पुण्याच्याच नांवानें ओळखला जात असे.

परंतु येथेंहि तारतम्य हवें. सारें शिक्षण खेळाच्या खुंटीला बांधूं नये. ज्या मुलाचा दिवस सराव, आहार, क्रमांक आणि गुणफलक यांनींच भरलेला आहे, त्याला एखादी कादंबरी, एखादी कविता, आकाशांतील तारे हीच खरी विश्रांति असते. जेथें कोणी जिंकत नाहीं आणि कोणी हरत नाहीं, असा एक तास त्याच्या वांट्याला आला पाहिजे. तो देणें हें शिक्षकाच्या हातीं आहे.

त्याचमुळें शिक्षकानें दुसरा प्रशिक्षक होऊं नये, आणि आईबापांचा हेर तर कधींच होऊं नये. मूल दमलें आहे, कंटाळलें आहे, दुखणें लपवीत आहे, हें पुष्कळदां त्यालाच प्रथम दिसतें. अशा वेळीं तें मुलाशीं बोलून, मग त्याच्यादेखत आईबापांना सांगण्याचें धैर्य त्याच्या अंगीं असावें. दुसरी काळजी एकटेपणाची. शाळेंत मूल भूगोल शिकतें, तसेंच भांडावयास आणि भांडण मिटवावयासहि शिकतें. घरीं चार भिंतींत एका प्रौढ माणसासमोर बसून हें शिकतां येत नाहीं, आणि मैदानावर भेटतात ते बहुधा प्रतिस्पर्धी. यावर एक साधा उपाय सुचवितों. एकाच ठिकाणीं सराव करणाऱ्या दोन-तीन कुटुंबांनीं मिळून एक शिक्षक ठेवावा. खर्च वांटला जातो, मुलांना सोबत मिळते, आणि एक जण परगांवीं असला तरी दुसऱ्याचा अभ्यास चालूं राहतो.

खेळ आणि अभ्यास म्हणजे दोन दगडांवर पाय, असें पुष्कळांना वाटतें. पण ज्या मुलाला रोज पहांटे उठतां येतें, एकच फटका शंभर वेळां घोटतां येतो आणि हरल्यावर पुन्हां उभें राहतां येतें, त्याच्या अंगीं विद्यार्थ्याचे सर्व गुण आधींच आलेले असतात. कमी पडते ती फक्त संवय: पुस्तक आपलें आपण उघडण्याची, न समजलेल्या जागीं खूण करण्याची आणि ती शंका जपून ठेवून विचारण्याची. ही संवय लावणें हेंच घरच्या शिक्षकाचें मुख्य काम होय. त्याची परीक्षा गुणपत्रिकेवर होत नाहीं. परक्या गांवच्या खोलींत, सामना नसलेल्या दुपारीं, कोणी सांगितलें नसतां तें मूल वही काढून बसलें, तर शिक्षकाचे कष्ट फळाला आले असें समजावें. मग खेळानें साथ दिली तर उत्तमच. न दिली तरी तें मूल रिकाम्या हातीं घरीं येणार नाहीं.