परदेशातील मृत्यू आणि घरचे कागद



वसंताच्या दिवसांत मरणाचा विषय काढावा, हे कोणास अप्रस्तुत वाटेल. पण आपल्या कोकणातील कितीतरी घरांचा कर्ता पुरुष आखाती देशांत राबतो आहे. आम्ही शाळा फारशी पाहिली नाही. जे शिकलो ते अशा घरांच्या ओटीवर, दुसऱ्यांचे कागद वाचून दाखविताना.

एक सुतार तिकडे परांचीवरून पडून गेला. चार दिवसांत मालकाकडून इंग्रजी कागद आला. "भाऊ, सही केली की ह्यांना घरी आणतील ना?" त्याच्या बायकोने विचारले. आम्ही कागद वाचला. वर प्रेत पाठविण्यास संमती होती आणि तळाशी एकच ओळ होती, 'आमचे काही येणे उरलेले नाही.' आम्ही म्हटले, "वहिनी, यावर सही नको." केवळ संमतीचा निराळा कागद करून धाडला. प्रेत आले आणि पगाराचा हिशेबही बुडाला नाही.

रीत अशी असते. प्रथम त्या देशाच्या कायद्याप्रमाणे इस्पितळाचा व मृत्यूचा दाखला निघतो. अपघात असेल तर पोलिसांचा अहवाल लागतो, आणि त्यात दिवस जातात. मग आपल्या वकिलातीत मृत्यूची नोंद होते, पासपोर्ट रद्द होतो आणि ना-हरकत पत्र मिळते. प्रेत इकडे आणावयाचे की अंत्यविधी तिकडेच करावयाचा, हे वारसाने लेखी कळवावे लागते. प्रेत टिकावे म्हणून औषधे भरल्याचा दाखलाही सोबत हवा. आपल्या विमानतळावरील आरोग्य अधिकारी तो तपासतो.

मृत्यू परदेशात घडला असता त्याची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत होत नाही. म्हणून वकिलातीचा दाखला जिवापाड जपावा. बँकेत, विम्यात आणि वारसाच्या कामात त्याचीच गरज पडते.

दाखल्यावर मृत्यूचे कारण काय लिहिले आहे, हे नीट पाहावे. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यूस 10 लाख रुपयांचे संरक्षण आहे. 'अपघात' हा शब्द राहून गेला तर वारसाचा दावा अडतो. प्रेत आणण्याचा खर्च उचलणारा कोणीच नसेल, तर 2009 साली स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून साहाय्य मिळावे, असा अर्ज वकिलातीकडे करता येतो.

बंधूंनो, मालक दुष्टच असतो असे आम्ही म्हणत नाही. पण दुःखात माणूस समोर येईल त्यावर सही करतो, आणि हे जाणणारे लोक जगात आहेत. म्हणून प्रेताचा कागद वेगळा आणि पैशाचा कागद वेगळा, एवढे ध्यानात ठेवा. घरचा माणूस परदेशी निघाला की पासपोर्ट, करारपत्र आणि विमा यांची एकेक प्रत पेटीत ठेवून घ्या, आणि ती पेटी कोठे आहे हे घरातल्या बाईमाणसांनाही दाखवा. ती उघडण्याची वेळ कोणावरच न येवो.