घरचा स्पीकर आणि खर्जाचा आवाज
(ग्रंथालयात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी ध्वनिशास्त्रावर काही सांगावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ध्वनिशास्त्र मी पुष्कळ वर्षे वर्गात शिकविले आहे. परंतु शेजारीपाजारी मला जे विचारतात ते निराळेच असते. घरी दोन लहान स्पीकर आणि एक सबवूफर असा संच आणलेला असतो. त्यातून अखंड घूंऽऽ असा आवाज येतो, किंवा खर्ज मुळीच ऐकू येत नाही, किंवा इतका येतो की कपाटातील भांडी वाजू लागतात. आज त्याविषयीच बोलावे असे मी ठरविले आहे.

सबवूफर हवाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. पुरुषाच्या गायनासाठी तंबोरा काळी एकमध्ये लावला, तर जोडाच्या तारांचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर कंप पावते. तीन-चार इंची स्पीकरच्या पडद्याला इतका खालचा स्वर पुरेशा जोराने उमटविता येत नाही. ते काम मोठ्या पडद्याकडे सोपवावे लागते. डग्ग्याची घुमक आणि मृदंगाची डावी बाजू यांचीही हीच कथा आहे.

संचात बिघाड झाला की माणसे प्रथम पेटी उघडतात. हे उलटे आहे. माझ्या अनुभवात दोष बहुधा पेटीबाहेरच सापडतो. तारांत, जोडण्यांत, नाहीतर खोलीत. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ऐकावे. संच बंद करून त्याला येणाऱ्या ध्वनीच्या सर्व तारा काढा आणि पुन्हा चालू करा. गुणगुण थांबली, तर संच निर्दोष आहे आणि दोष बाहेरून येतो आहे. तारा काढूनही ती राहिली, तर आतील कपॅसिटर म्हातारे झाले असावेत. ते काम जाणत्या कारागिराचे. कारण वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार शिल्लक असतो.

बाहेरून येणाऱ्या गुणगुणीविषयी मला थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आम्ही जबलपूरला राहत होतो तेव्हा शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांची पत्नी चांगले गात असे. ती निवर्तल्यानंतर तिच्या घरगुती बैठकींच्या नऊ-दहा कॅसेट उरल्या होत्या. नातवाने त्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आणि आजोबांसाठी धातूच्या पेटीचा एक ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर व सबवूफर असा संच मांडून दिला. पण तंबोरा सुरू झाला की त्याच्याखाली दुसराच एक बेसूर षड्ज ऐकू येई. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तने घेते. हा ५० हर्ट्झचा स्वर आणि त्याची १०० हर्ट्झची दुप्पट काळी एकच्या कोणत्याच तारेशी जुळत नाही. गाणाऱ्या बाईंच्या घरात तो सूर म्हाताऱ्या माणसाला सहन होईना.

एका दुरुस्ती करणाऱ्याने त्यावर सोपा उपाय केला. ॲम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, त्याने काढून टाकली. गुणगुण गेली. आठवडाभराने आजोबा मला म्हणाले, “मास्तर, पेटीला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात.” पावसाळ्याचे दिवस होते, फरशी ओली आणि आजोबा अनवाणी. मी प्रथम भिंतीवरचे बटण बंद केले आणि मग बोललो.

ही पिन कशासाठी असते ते घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. आतील विजेची तार कधी सुटून पेटीला टेकली, तर प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल, तर तोच प्रवाह पेटीला हात लावणाऱ्या माणसाच्या देहातून जातो. गुणगुण घालविण्यासाठी ही पिन काढण्याची चाल आपल्याकडे सर्रास आढळते. ती करू नका, आणि कोणी करीत असेल तर त्याला करू देऊ नका.

मग गुणगुण येत कशामुळे होती? संचाला लॅपटॉपबरोबरच दूरदर्शन संचही जोडलेला होता आणि त्याला गच्चीवरून आलेली केबलची तार होती. त्या तारेचे वरचे जाळीदार वेष्टन गल्लीत कोठेतरी जमिनीशी जोडलेले. इकडे ॲम्प्लिफायर घराच्या अर्थिंगशी जोडलेला. दोन ठिकाणच्या जमिनींत थोडासा विद्युत्‌दाबाचा फरक असतोच, आणि तेवढ्यानेही वेष्टनातून क्षीण प्रवाह वाहू लागतो. ॲम्प्लिफायर बिचारा त्यालाही गाणे समजून मोठे करतो. मी नवा प्लग बसविला, सर्व यंत्रे एकाच बोर्डावर आणली आणि केबलची तार उपसून पाहिली. त्या क्षणी खोली शांत झाली. पुढे त्या तारेवर एक लहानसा आयसोलेटर बसवून काम भागले. ध्वनीची तार काचेच्या अथवा प्लॅस्टिकच्या तंतूची, म्हणजे ऑप्टिकल, असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. तिच्यातून वीज वाहत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढताच गुणगुण थांबते, असेही कधी कधी आढळेल. कारण त्याच जातीचे.

खर्ज न येण्याची तक्रार याहून सौम्य. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. दोहोंच्या मध्ये बसून ऐका. गायकाचा आवाज समोरून न येता चहूकडे पसरल्यासारखा वाटला, तर तांबडी-काळी तार तपासा. सबवूफरच्या मागे ० आणि १८० अंश अशी कळ असते. ज्या बाजूला तुमच्या बसण्याच्या जागी खर्ज अधिक भरदार वाटेल, ती बाजू ठेवावी. शेजारचे वारंवारतेचे बटण ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान बहुतेक घरांत बरे चालते. रात्री हळू आवाजात ऐकताना सबवूफर मध्येच गप्प होत असेल, तर तो बिघडलेला नसतो. ‘ऑटो’वर ठेवल्यामुळे झोपी जातो.

उरली खोली. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर भरते. साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट लांबीच्या खोलीत तिची अर्धी लाट नेमकी मावते. तेव्हा भिंतींशी तो स्वर दणदणतो आणि मधोमध बसलेल्या माणसाला जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि आपण खुर्ची मांडतो ती मधोमध! यावर एक गमतीची युक्ती आहे. सबवूफर उचलून आपल्या खुर्चीच्या जागी ठेवावा, खर्जाचे एखादे संथ वादन लावावे आणि स्वतः भिंतींच्या कडेने वाकून रांगत फिरावे. जेथे खर्ज सारखा व स्वच्छ ऐकू येईल, तेथे सबवूफर न्यावा. घरची मंडळी हसतील, हसू द्यावीत.

आवाज फाटत असेल, तर विजेचा प्लग काढून पडद्यावर दोन्ही हातांची बोटे सारखी टेकवा व हलकेच दाबा. आत खरखर झाली, तर वेटोळे चुंबकाला घासते आहे. पडद्याच्या कडेची फोमची पट्टी दमट हवेत काही वर्षांत कुजून भुगा होते. ती बदलता येते, आणि अख्खा स्पीकर टाकून देण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, चेन्नईत रिची स्ट्रीटवर, दिल्लीच्या लाजपतराय मार्केटात चौकशी करावी.

जबलपूरच्या आजोबांकडे त्यानंतर मी एकदा गेलो. एका कॅसेटमध्ये गुणगुण अजून होती. मी तारा काढल्या, जोडल्या, फरक पडेना. ध्वनिमुद्रण थांबविले की मात्र ती थांबे. म्हणजे ती बैठकीच्या दिवशीच, त्या वेळच्या टेपरेकॉर्डरमधून फितीवर उमटली होती. तिला संगणकावर गाळता येईल, परंतु खर्जाच्या तारेचा थोडा अंशही तिच्याबरोबर जाण्याचा संभव आहे, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “मग राहू द्या.” आणि त्यांनी ती फीत पुन्हा पहिल्यापासून लावावयास सांगितली.