फटफटीचे चिलखत

श्रोतेहो, मोटारसायकलीच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेली लोखंडी नळी आपण सर्वांनी पाहिली आहे. कोणी तिला लेग गार्ड म्हणतात, कोणी क्रॅश गार्ड म्हणतात, आणि गॅरेजमधला मिस्त्री नुसते ‘गार्ड’ म्हणून मोकळा होतो. तिन्ही नावांत रक्षणाचा अर्थ आहे. पण रक्षण कोणाचे? यंत्राचे, की त्यावर बसणाऱ्या माणसाचे? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर कित्येकांचे हातपाय आणि क्वचित प्राणही अवलंबून असतात.

१९५५ साली मद्रासेत एन्फील्ड बुलेटची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून ही फटफटी आपल्या देशात लांबच्या प्रवासाची सोबतीण बनली आहे. आज मनालीहून लेहकडे जाणाऱ्या रस्त्यावर उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या पाट्या लावलेल्या मोटारसायकलींची रांग दिसते. निघण्यापूर्वी जी तयारी होते, तीत गार्ड बसविणे हे काम हटकून असते. ते योग्यच आहे. बारालाचा ला ओलांडताना वितळलेल्या बर्फाचे ओढे रस्त्यावरूनच वाहतात. तळाशी गोटे असतात. पाण्यात चाक घसरते आणि सामानासह सव्वादोनशे किलोंचे धूड आडवे होते. वेग माणसाच्या चालण्याइतकाच असतो, इजा बहुधा होत नाही; पण इंजिनाचे आवरण दगडावर आपटून तडकले, तर आतले तेल वाहून जाते. गिअरचे पेडल वाकले, तरी तीच गत. जिथे दिवसभराच्या वाटेवर एक धड गॅरेज मिळायचे नाही, तिथे एवढ्याशा अपघाताने सारा प्रवास खुंटतो. पडणारे यंत्र नळीवर पेलले गेले, म्हणजे इंजिन जमिनीपासून चार बोटे वर राहते, आणि चालक उठून, कपडे पिळून पुढे जाऊ शकतो. गार्डचे खरे कार्य ते हे.

मात्र हेच कार्य भरवेगातील धडकेतही घडेल असे समजणे घातक आहे. थोडा हिशेब करून पाहू. उभी मोटारसायकल कलंडते, तेव्हा तिचा भारमध्य अर्ध्या मीटरपेक्षाही कमी अंतर खाली येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने एखाद्या अचल वस्तूवर आदळणे, हे मात्र सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजल्यांवरून, खाली पडण्यासारखे आहे. वेग दुप्पट झाला, की आघाताची शक्ती चौपट होते. अर्ध्या मीटरच्या पडण्यासाठी घडविलेल्या नळीने चार मजल्यांचे पडणे सोसावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

हा केवळ कागदी तर्क नव्हे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची बारकाईने तपासणी केली आणि १९८१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. गार्डविषयी त्यांचा निष्कर्ष असा, की त्याने घोटा व पाऊल यांच्या इजा कमी होतात. परंतु मांडी, गुडघा आणि पिंडरी यांच्या इजा वाढतात, आणि एकूण जमाखर्च जवळजवळ शून्यावर येतो. ‘लेग गार्ड’ हे नाव पायाच्या नावाने चालते खरे, पण पायाला त्याचा भरवसा नाही!

आता बसविण्याविषयी. बहुतेक गार्ड, ज्या बोल्टांनी इंजिन सांगाड्याला जखडलेले असते, त्यांपैकीच काहींच्या जागी लांब बोल्ट घालून बसविले जातात. म्हणून हे काम वरवरचे समजू नये. इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यावा आणि एका वेळी एकच बोल्ट काढावा. गार्ड आपल्या जागी सहज बसला पाहिजे. पहारीने रेटून, ताणून बसविलेल्या नळीत कायमचा ताण राहतो आणि इंजिनाच्या कंपाने पुढे तिच्या जोडाला तडा जातो. सारे बोल्ट आधी हाताने लावून घ्यावेत, आणि मग आळीपाळीने, कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळावेत. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. तो पोलादाच्या ताकदीचा दर्जा होय. मूळ बोल्टाहून हलक्या दर्जाचा बोल्ट स्वस्त मिळतो म्हणून कदापि घालू नये. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, आणि पुढचे चाक खड्ड्यात वर उचलले गेले तरी नळीला लागणार नाही याची खात्री करावी. पाचेकशे किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

काही हौशी मंडळी जाडजूड, रुंद गार्ड बसवितात. हे नाकापेक्षा मोती जड होण्यासारखे आहे. फार ताठर नळी स्वतः वाकत नाही. ती सारा धक्का सांगाड्याला देते. नळी वाकली तर ती बदलता येते, सांगाडा वाकला तर मोटारसायकलच निकामी होते. लांब सरळ रस्त्यावर गार्डवर पाय पसरून बसण्याची सवयही अशीच वाईट. ऐन वेळी ब्रेकचे पेडल शोधायला तो पाय वेळेवर परत येत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करण्यास मनाई करते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अनधिकृत क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले. अशा दांड्यांनी पादचाऱ्यांना आणि आत बसलेल्यांनाही धोका होतो, हे त्यामागचे कारण होते. तेव्हा वाहनाच्या उत्पादकानेच त्या नमुन्यासाठी दिलेला, रस्त्यावरच्या इतरांना न टोचणारा गार्ड निवडणे शहाणपणाचे.

याच संदर्भात एक विसंगती मला नेहमी खटकते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्यासाठी धरावयाची मूठ व पाय ठेवण्याची सोय असावी, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण असावे. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो, ते हेच. परंतु ‘शोभत नाही’ म्हणून नवी गाडी घरी येताच ते काढून टाकले जाते, आणि त्याच दिवशी पुढे चकचकीत क्रॅश गार्ड चढविला जातो! यंत्राला ओरखडा येऊ नये याची काळजी, आणि मागे बसलेल्या आईच्या किंवा पत्नीच्या पदराची मात्र नाही, असा हा हिशेब आहे.

म्हणून, श्रोतेहो, खर्चाचा क्रम ठरवावा तो असा. प्रथम चांगले हेल्मेट, तेही दोघांसाठी. मग घोटा झाकणारे मजबूत बूट, हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड. मागचे आवरण जागच्या जागी ठेवावे. टायर आणि ब्रेक पाहून घ्यावेत. एवढे झाल्यावर पैसे उरले, तर गार्ड अवश्य बसवावा आणि आपल्या यंत्राला लाखमोलाचे चिलखत मिळाले म्हणून समाधान मानावे. ओढ्यात गाडी आडवी होईल, त्या दिवशी तो आपले काम चोख करील. मात्र घाटाच्या वळणावर वेग आवरण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये. ते आपल्या उजव्या मुठीचेच आहे.