कोरा अर्ज आणि परतीची वाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, पण मुलगा महाविद्यालयाचा अर्ज भरण्याचे नाव काढीत नाही. शेवटची तारीख जवळ येते तसा वडिलांचा आवाज चढतो, ‘आम्हाला शिकायला मिळाले नाही, तुला मिळते आहे, तर तुला नको!’ मुलगा मान खाली घालून उभा राहतो आणि आई दोघांच्या मधे. ज्या कार्यकर्त्याने वस्तीवस्तीत फिरून इतरांची मुले शाळेत घातली, त्याच्याच घरी हा प्रसंग उद्भवला तर त्याला ती आपल्या साऱ्या आयुष्याची हार वाटते.

या नकाराला आळस किंवा उद्धटपणा म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पदवीधर चुलतभाऊ स्पर्धा परीक्षांच्या मागे पुण्यात उमेदीची वर्षे घालवून रिकाम्या हाताने परतला, हे या मुलाने पाहिलेले असते. आपल्या देशात निरक्षरांपेक्षा पदवीधरांत बेकारीचे प्रमाण अधिक असल्याचे सरकारी पाहण्यांतून वारंवार दिसले आहे. मुलाला ते आकडे ठाऊक नसतील, चुलतभाऊ मात्र ठाऊक असतो. शिवाय अर्थशास्त्रात शिक्षणाचा खर्च केवळ फीपुरता मोजीत नाहीत. त्या काळात बुडणारी मजुरीही त्यात धरतात. श्रीमंताच्या घरी हा हिशेब करण्याची वेळ येत नाही. गरिबाचा मुलगा तो मनातल्या मनात करतो आणि कोणाला न सांगता बापाचे ओझे हलके करायला निघतो.

म्हणून नकार नेमका कशाला आहे, हे पालकांनी आधी जाणून घ्यावे. शिकण्यालाच, की घरच्यांनी ठरवलेल्या शाखेला? इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गाच्या धास्तीला, की घरच्या खर्चाला? हे सारे नकार बाहेरून सारखे दिसतात, त्यांवरील उपाय मात्र निरनिराळे असतात. रागाने विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही. वडिलांनी घरची मिळकत आणि कर्ज मुलासमोर मोकळेपणाने मांडले, तर मुलगाही आपले मन मांडण्याचा संभव असतो.

मुलीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. ‘तिलाच शिकायचे नाही’ हे वाक्य पुष्कळदा घराने तिच्या तोंडी घातलेले असते. २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्र शासनाने पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये ठेवली. परंतु वसतिगृहाचा व जाण्यायेण्याचा खर्च आणि लग्नाची घाई यांवर ती सवलत उतारा नव्हे.

सर्व समजून घेऊनही मुलाचा नकार कायम राहिला, तर तो मान्य करावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग रुजवला. श्रम आणि विद्या यांत वैर नाही, हे त्यातून सिद्ध झाले. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह कारखान्यात काम शिकता येते. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेता येते.

तथापि एक भेद विसरता कामा नये. धनिकाचा मुलगा वर्षभर घरी बसला तरी पुढे पैशाच्या बळावर प्रवेश मिळवू शकतो. गरिबाच्या मुलाच्या हाती पगार येतो, मग लग्न, मग कर्जाचा हप्ता, आणि वर्षापुरता दिलेला नकार जन्माचा होऊन बसतो. २०२१-२२च्या अखिल भारतीय पाहणीत उच्च शिक्षणातील नोंदणीचे ढोबळ प्रमाण २८.४ टक्के होते. बाहेर राहिलेल्यांविषयी ‘ते स्वतःच आले नाहीत’ असे म्हणून राज्यकर्त्यांना हात झटकता येतात. तशी सोय त्यांना आपल्या घरातून मिळू नये.

यास्तव पालकांनी मुलाला एका वर्षाची मुदत द्यावी. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा व उत्पन्नाचा दाखला जपून ठेवावा. खंड पडल्याने कोणती सवलत जाते, याची आधीच चौकशी करावी. आणि वस्तीतील कार्यकर्त्यांनी यंदा अर्ज न भरलेल्या मुलामुलींची यादी करून पुढच्या जूनमध्ये प्रत्येकाचे दार पुन्हा ठोठवावे. त्या वेळी विचारायचा प्रश्न ‘का गेला नाहीस?’ हा नसावा. ‘आता काय शिकावेसे वाटते?’ हा असावा.